शिवलिंगप्पाचा सूड आणि खंडेनवमीचा कोहळा

रविवार, २ सप्टेंबर १९२८
शिवलिंगप्पाला धडा शिकवायचा. ठरले.

मंगळवेढ्याच्या त्या तलवारीचा पत्ता त्याला मीच सांगितला होता. सोनेरी वेलबुट्टीची मूठ, मखमली म्यान, सगळे वर्णन तासभर केले. त्याच्याच घरी, त्याचीच कॉफी पिऊन. त्याने विचारले होते, ‘मास्तर, तुमी घेणार असला तर मी जात नाही.’ मी ‘छे छे’ म्हणालो. तो विनय होता. पेठेत कापड विकणाऱ्याला विनय काय कळणार? काल मोटारीने गेला आणि घेऊन आला. आज सगळी आळी बघायला लोटली. मीही गेलो, फक्त तिरस्काराने बघायला. दोनदा हातात घेतली.

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. इतिहासात विश्वासघाताला क्षमा नाही.

सोमवार, १० सप्टेंबर
प्लॅन पक्का. खंडेनवमीची शस्त्रपूजा आपल्या घरी. हेडमास्तर, कमलाकर वकील, आणि मुद्दाम शिवलिंगप्पा. पूजेनंतर कोहळा. अखंड कोहळ्यावर पहिला घाव पुरुषाने घातल्याशिवाय बाई त्याला विळी लावत नाही. तो घाव मी घालणार, एकाच फटक्यात, त्याच्या तलवारीहून देखण्या तलवारीने. मग बघू त्याचे तोंड.

तलवार अजून मिळालेली नाही. तो तपशील.

सौ. म्हणाली, घरात चकमकीचे पिस्तूल आहे ते पुरे नाही का? त्याचा घोडा तुटलेला आहे आणि नळीत ती उदबत्त्या खोचते. तिच्याशी वाद घातला नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर
विजय! कुंभारीला सायकलवर गेलो. धोंडीराम म्हणून शेतकरी आहे, त्याने माळ्यावरून तलवार काढली. मोराच्या तोंडाची चांदीची मूठ. म्यानावर पितळी फुले. अस्सल. धोंडीराम म्हणाला, ‘लई जुनी हाय मास्तर. पर आज्याच्या येळंपासनं म्यानातनं भाईर आली न्हाय. एकडाव वढून तरी बगा की.’ मी ओढून बघितली नाही. जाणकाराने खेड्यात उतावीळपणा दाखवू नये, भाव चढतो.

बदल्यात सायकल दिली. चालत आलो. सुडापुढे सायकल काय?

सौ. म्हणाली, पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत. मी विचारले, दोनशे वर्षांची वस्तू नवी कशी? हार मानून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

सोमवार, ८ ऑक्टोबर
तलवार म्यानातून निघत नाही. हवा दमट आहे.

गुरुवार, ११ ऑक्टोबर
हवा कोरडी आहे. तरी नाही.

खोबरेल झाले, एरंडेल झाले, आज रॉकेल. मूठ खुंटीला बांधून म्यान ओढले. खुंटी निघाली. सौ. म्हणाली, शिवलिंगप्पांना विचारा, त्यांना यातले कळते. मी खुंटी पुन्हा ठोकायला घेतली.

रविवार, १४ ऑक्टोबर, घटस्थापना
विचारांती लक्षात आले की चिंतेचे कारण नाही. पाते म्यानात राहिले म्हणजे धार शाबूत. त्या दिवशी आवेश येईल आणि आवेशाने तलवार निघेल. इतिहासात पुष्कळ कामे आवेशानेच झाली आहेत.

आमंत्रणे दिली. शिवलिंगप्पाला म्हणालो, ‘आप्पा, एका घावात दोन तुकडे. नुसते बघायला या.’ तो म्हणाला, ‘येतो की. कोहळं मी पाठवतो, यंदा शेतात लई झालेत.’ संध्याकाळी कोहळा आलासुद्धा. दोघांनी उचलून आणला. शत्रूचा कोहळा शत्रूच्या डोळ्यांदेखत फोडायचा, याहून मोठा न्याय नाही.

सोमवार, २२ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
स्नान झाले. अंगात वीरश्री आहे. आज त्याला रडवतो.

तोच दिवस, दुपार
सगळे आले. पूजा झाली. मूठ धरली, ओढली. नाही. पुन्हा ओढली. हेडमास्तर म्हणाले, सावकाश. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा शिवलिंगप्पा उठला. ‘मास्तर, तुमी मूठ धरा, मी म्यान धरतो.’ सगळ्यांसमोर नाही कसे म्हणणार? वकिलांनी एक-दोन-तीन केले.

मूठ निघाली. तिच्याबरोबर मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मागे गेलो. मुठीला चार बोटे पाते होते. बाकीचे म्यानातच गंजून गेलेले. शिवलिंगप्पाने म्यान उलटे केले, रांगोळीवर तांबडा भुगा पडला.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. सौ. विळी घेऊन दारात उभी आणि कोहळा मध्ये तसाच.

शिवलिंगप्पा घरी गेला आणि मंगळवेढ्याची तलवार घेऊन आला. वाटले, आता हा माझ्या घरात, माझ्या देवापुढे कोहळा कापणार. मला भयंकर संताप आला. त्याने तलवार दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. म्हणाला, ‘घाव यजमानानंच घालायचा, मास्तर.’

घातला. एका फटक्यात दोन तुकडे. वाहवा झाली, तलवारीची.

जाताना शिवलिंगप्पा दारात थांबला आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, ‘पुढच्या खंडेनवमीलाही न्या की. मागायला लाजू नका.’

मी ‘बरं’ म्हणालो.