वासाचं पाडस

११ ऑक्टोबर १९८१

हौसा, पोरी, आधी माफ कर. निघताना तू ही वही दिलीस, रोज चार ओळी लिहा, काळजी कागदावर उतरली की डोक्यात राहत नाही म्हणालीस, आणि मी ती आज उघडतोय. आल्या आल्या ऊन लागून पडलो होतो. मग चौथी शिकलेल्या माणसाने काय लिहायचं याची लाज वाटली. आता बरं आहे. पानं भरली की फाडून पाठवीन. आईला वाचून दाखव, फक्त उन्हाचं गाळ.

जागा छान आहे. दोह्यापासून दुखानच्या रस्त्याने तासभर, मग कच्ची वाट. शेताला इथे मजरा म्हणतात आणि मालकाला अरबाब. खजुरीची झाडं, लसूणघासाचे हिरवेगार वाफे, आणि पलीकडे मैलभर तारेचं कुंपण. त्यात हरणं. आपल्या माळावरच्या काळविटांसारखी नव्हेत. लहान, वाळूच्या रंगाची, डोळे काजळ घातल्यासारखे. जन्मभर मेंढरं राखली, आता हरणं राखतोय. खोलीला पंखा आहे. भिंतीपलीकडे शफीक राहतो, स्वयंपाकी, बिदरकडचा. मला बडे मियाँ म्हणतो. माझी पांढरी मिशी बघून त्याने पहिल्याच दिवशी विचारलं की अरबाबने हरणांवर माणूस ठेवलाय की माणसावर हरणं.

तुला सातवा लागला असेल. विहिरीवर जाऊ नको. दोनदा हातचं गेलं, या वेळी सगळं नीट होणार. बाळाच्या बारशाला मी येणारच, अरबाबने राजाभाऊला तसा शब्द दिलाय. राजाभाऊ म्हणजे आपल्या वरच्या आळीतले. अरबाबच्या दोह्यातल्या ऑफिसात ड्रायव्हर आहेत आणि त्यांनीच मला इथे आणलं.

२० ऑक्टोबर

काम असं. कुंपणातल्या हरणांना चारा-पाणी. आणि थंडी पडली की अरबाबचे पाहुणे शिकारीला येतात, त्यांच्यासाठी हरणं बंदुकीसमोर आणायची. विटांची एक बुटकी खोली आहे, भोकं ठेवलेली. पाहुणे आत बसतात. समोर लसूणघास, खजूर, मिठाचे खडे टाकायचे. पण हरणं चाऱ्यापर्यंत येतात, नाक वर करतात, माणसाचा वास लागला की पळतात. अरबाबने परदेशातून वासाच्या बाटल्या मागवल्यात. मादीच्या मुताच्या आहेत म्हणे. मी बूच काढलं आणि जेवलेलं बाहेर आलं. शफीक हसून लोटपोट, म्हणाला, मियाँ, तुमच्या गावात अत्तर नाही का मिळत.

बाटलीचा इथल्या हरणांवर काही उपयोग नाही. अरबाब राजाभाऊंवर चिडले. तरणा माणूस मागितला होता, म्हातारा कशाला आणलास, असं ते अरबीत बोलले आणि राजाभाऊंनी मला मराठीत सांगितलं. ते न सांगते तर बरं झालं असतं. मला झोप नाही. परत धाडलं तर तुझ्या बाळंतपणाचं कसं?

२८ ऑक्टोबर

घाबरलो आणि बोलून गेलो. अरबाबला राजाभाऊंकरवी सांगितलं की मला एक रीत येते. आपल्यात मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या, पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी वास घेते आणि त्याला आपलं म्हणून पाजते. आईला डोळे नसतात, नाक असतं. अरबाबने मांडीवर थाप मारली.

परवा एका मादीचं पाडस जन्मताच मेलं होतं. मी ते सोललं. आत खजुरीचा काथ्या भरला, शिवलं, चार काड्यांवर उभं केलं. मग मादीची वार वाळूतून उचलून आणली आणि त्याच्या अंगाला चोळली. हरणांच्या डोळ्याखाली खाच असते, तिच्यात काळा चिकट मळ साठतो. तो बोटाने काढून त्याच्या तोंडाला फासला. नखात बसला तो निघत नाही. शफीकने माझं ताट दाराबाहेर ठेवलं. मियाँ, तुम्ही बाळंतिणीच्या खोलीसारखे वास मारता, म्हणाला.

४ नोव्हेंबर

हरिणी आली. बाटलीला आणि चाऱ्याला न भुलणारी, सरळ आली. पाहुणे खोलीत बसले होते, ते आपसांत बोलतही होते, तरी तिने मान वर केली नाही. ती पाडसाला चाटायला लागली. आधी तोंड, मग पाठ. ते हलेना तसं जोरात चाटायला लागली. ऊठ म्हणून खुराने ढोसायला लागली. केस गेले, कातडं फाटून काथ्या दिसायला लागला, तरी चाटतच होती. तिची कास भरून गळत होती. गोळी लागून पडली तेव्हा दूध वाळूवर सांडलं आणि त्यावर माशा बसल्या.

पाहुण्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. अरबाबने माझा हात हातात घेतला, मग स्वतःचा हात नाकाशी नेला आणि रुमालाला पुसला.

नोकरी टिकली. तरी तोंडाला चव नाही. चहालाही दुधाचाच वास येतो.

१५ नोव्हेंबर

आणखी पाहुणे येणार. कातडं वाळलं की वास जातो. अरबाब म्हणाले, मग ताजं घे.

ताजं म्हणजे जिवंत पाडस. मी नाही म्हणालो नाही. ते माझं बोट चोखत होतं, हौसा. मीच केलं. एकदा नाही.

माद्या येतात. कुंपणातल्या, बाहेरच्या, ज्यांची पिल्लं कधी मेलीच नाहीत अशाही येतात. तुटक्या कानाची एक मोठी मादी होती, ती काल आली. तिचं डोकं आता दोह्याला अरबाबच्या बैठकीत लावणार आहेत.

कातडी उंदीर खातात म्हणून मीठ लावून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो. दुसरी पेटी नाही.

२७ नोव्हेंबर

आता मला कसलाच वास येत नाही. नाक मेलंय. शफीक सांगतो तेवढंच कळतं. तो माझ्याशी वाऱ्याच्या बाजूने बोलतो आणि तोंडाला फडकं बांधतो. आज त्याने थट्टा केली नाही.

कुंपणात एकही मादी राहिली नाही. नर एका कोपऱ्यात दाटीने उभे असतात, माझ्याकडे पाठ करून.

तरी काथ्याचं पाडस रोज सकाळी ओलं असतं. पाठीवरचे केस चाटून एका बाजूला बसवलेले असतात. दंव म्हणावं तर भिंत कोरडी, वाळू कोरडी.

२ डिसेंबर

राजाभाऊ सुट्टीवर गावी निघालेत. त्यांच्याबरोबर दोह्याच्या बाजारात गेलो होतो. बाळासाठी दुपटं घेतलं, मऊ, पिवळं, कडेला फीत. दुकानदाराने ते माझ्या हातात दिलं नाही, राजाभाऊंच्या हातात दिलं. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

तेवढ्याने मन जरा बरं झालं. दुपटं उंदरांपासून जपायला पेटीत ठेवलंय.

६ डिसेंबर

भर दुपारी बघितली. लसूणघासात उभी होती. तुटका कान. मानेत गोळीचं भोक, भोकात माशा. तिची कास गळत होती. चरत नव्हती. माझ्या दाराकडे बघत होती.

शफीकला हाक मारली. तो बाहेर आला, बघितलं, आत गेला आणि कडी लावली. म्हणजे त्यालाही दिसली.

९ डिसेंबर

अनेक आहेत. उन्हात उभ्या असतात. सावली पडत नाही म्हणावं तर पडते. सगळं खऱ्यासारखं आहे.

दुपारी डोळा लागला होता. हात ओला वाटला म्हणून जागा झालो. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलल्यासारखी लाल, आणि तिच्यावर — दुधाची साय धरते तसं काहीतरी. खरवडून काढलं. 

त्या मला मारत नाहीत. मला त्या पाडस समजतात. मी उठत नाही म्हणून —

अरबाबला सांगितलं की मला घरी पाठवा. ते हसले. म्हणाले, आता काथ्याचं पाडस नको, तूच बस बंदुकीसमोर. इन्शाल्ला बारशाला जाशील. हसत बोलले, पण मस्करी नव्हती.

१२ डिसेंबर

राजाभाऊ सामान न्यायला आले. दुपटं पेटीतून काढलं तर एक कोपरा ओला. साबणाने दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं. राजाभाऊंना विचारलं, वास येतो का हो? त्यांच्या बॅगेत नातेवाइकांसाठी अत्तराच्या बाटल्या होत्या, त्यातली एक फुटलेली. ते म्हणाले, निवृत्तीबापू, मला तर सगळ्या जगालाच गुलाबाचा वास येतोय.

बरं वाटलं. दुपटं त्यांच्या हवाली केलं. गेले.

१५ डिसेंबर

आज कुणी नाही. वाफे मोकळे. काथ्याचं पाडस कोरडं ठणठणीत.

हात भरत आलाय. दुपारी पोटभर भात खाल्ला. शफीकने ताट आत आणून दिलं, मियाँ म्हणाला, गेली तुमची सासुरवाडी. किती दिवसांनी हसलो. तुझ्या आईला सांग मी बरा आहे.

१८ डिसेंबर

शफीकने कुंपणाबाहेर नेऊन दाखवलं. खुरांच्या खुणा. शेकडो. माझ्या दारापासून निघाल्यात, एका रांगेत, कच्च्या वाटेने डांबरी रस्त्याकडे. दोह्याकडे. राजाभाऊंची गाडी गेली त्याच चाकोरीत, चाकांच्या ठशांवर. परत आलेली एकही नाही. खुणांच्या बाजूने वाळूत पांढरे ठिपके, वाळलेले. शफीकने विचारलं, मियाँ, कुठे गेल्या?

 मला कळलं होतं.

मी इथे आहे. माझ्या अंगाचा वास इथे आहे. तरी त्या माझ्यामागे — म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा ताजं —

दुपट्यात.

१९ डिसेंबर

अरबाब परदेशी गेलेत. गाडी नाही. तार करायची तर दोह्याला जायला हवं. पाण्याचा टँकर आज येतो. ही पानं त्याच्याजवळ, शफीकच्या ओळखीने —

हौसा, दुपटं जाळ. धुऊन जात नाही. मी धुतलं होतं. बाळ झालं असेल तर त्यात गुंडाळू नको. गुंडाळलं असेल तर काढ, आणि बाळाला आधी न्हाऊ घाल, राखेने, गोमूत्राने, आईला माहीत असेल —

दारात हरणं दिसली तर हाकलू नको, त्या जात नाहीत. बाळाला हलतं ठेव. रडतं ठेव. निपचित झोपू देऊ नको. ते हललं नाही की त्या जोरात — मी बघितलंय, केस जाईपर्यंत, कातडं —

मी रोज सांगत होतो नोकरी टिकली. हे हात —

टँकर आला. भोंगा वाजवतोय. शफीक पानं मागतोय.

तारेने कळव. राजाभाऊ पोचले का, दुपटं दिलं का. मुलगा की मुलगी ते नंतर सांग. आधी एवढंच लवकर कळव, की सकाळी बाळाचं अंग कोरडं