आधी बाहेर, मग बोला

प्रिय ठकू,

पाकीट बघून दचकू नकोस, तुझी आई धडधाकट आहे. रोज फोन होत असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल, वाटू दे. आम्हा संस्कृतवाल्यांना मुख्य गोष्ट शेवटी सांगायची खोड असते, आणि तुला शेवटचं पान आधी वाचायची. या वेळी तरी सरळ वाच.

या मुलांच्या इंग्रजी शिबिराचा अर्ज तूच भरलास, म्हणून इथली हकीकत ऐकणं तुला भाग आहे. "आई, शाळेनं संस्कृत काढून तुझ्या गळ्यात इंग्रजी मारलंच आहे, तर ते परदेशात जाऊन मोकळ्या हवेत शिकव," असं म्हणाली होतीस. हवा मोकळी आहे. तळं आहे, झाडी आहे, लाकडी खोल्यांतून दुमजली पलंग आहेत. माझ्या वयाला मान देऊन मला खालचा दिला. वर चित्रकलेची बाई झोपते. ती कूस बदलते तेव्हा मी रामरक्षा सुरू करते.

माझ्या गटात सात-आठ वर्षांची पोरं आहेत. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, आणि मधलं इंग्रजी दोघांनाही सारखंच सावत्र. एकीचे पुढचे दात पडलेत. तिला मी मनातल्या मनात बोळकी म्हणते. हसली की थेट तुझा पहिलीतला फोटो. मागच्या आठवड्यात तिच्या वेण्या घालत होते तेव्हाच तुझा फोन आला होता. काखेत बारीकशी गाठ लागतेय, पण दुखत नाही, असं बोलता बोलता म्हणालीस आणि लगेच शेजारणीच्या मांजरावर घसरलीस. मांजराला तीन पिल्लं झाली एवढं मला कळलं. वेणी मात्र उलटी पडली.

तर शिकवण्याचं. खेळगाणी, बाहुल्या, रंगीत चित्रं असलं मला कुठलं जमायला? मी आपली पाठशाळेतली संथा लावली. गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा. अर्थ मागाहून येतो, असं ते सांगायचे. काही ओळींचा अजून यायचाय. इथे मी इंग्रजीत म्हणायचं, "रांगेत उभे राहा," आणि पोरांनी खणखणीत दोनदा तेच म्हणायचं. चार दिवसांत शिबिराच्या साऱ्या सूचना मुखोद्गत! शिबिरप्रमुख बाई दाराशी उभ्या राहून ऐकायच्या, इतर मास्तरांना आणून ऐकवायच्या. खोटं कशाला बोलू, मीही टम्म फुगले होते.

तीन-चार दिवसांपूर्वी मुलं तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती. मी काठावर चपला सांभाळत बसलेली. बघता बघता आभाळ काळवंडलं आणि पलीकडच्या टेकडीवर वीज चमकली. पोहण्याचे मास्तर धावत आले आणि ओरडले, "आउट ऑफ द वॉटर!" बाकीचे गट पळत बाहेर आले. माझी पोरं जागच्या जागी थांबली, मास्तरांकडे तोंड करून नीट उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "आउट ऑफ द वॉटर, आउट ऑफ द वॉटर!" मास्तर जिवाच्या आकांतानं आणखी जोरात ओरडले. यांनीही आवाज चढवला. उच्चार इतके स्वच्छ, ठकू, की ऐकत राहावं. हलायला मात्र कुणी तयार नाही.

मग मी कपड्यांनिशी पाण्यात शिरले. तुला माहीत आहे, मला बादलीपलीकडच्या पाण्याची भीती वाटते. मास्तर एकीकडून, मी दुसरीकडून, हाताला धरधरून सगळ्यांना ओढून काढलं. बोळकी काठावर आल्यावरही माझ्याकडे बघून पुन्हा एकदा तेच म्हणाली. शाबासकी हवी होती तिला. मी तिला पोटाशी धरलं.

काही झालं नाही. निदान सगळे तसंच म्हणतात. मास्तर तर जेवताना नक्कल करून हसवत होते. मी मात्र माझ्या पोरांची डोकी पुन्हा पुन्हा मोजत होते.

आता वर्ग उलटा चालतो. गवतावर दोरीचं तळं केलंय. हाक आली की आधी दोरीबाहेर यायचं, मग तोंड उघडायचं. आत राहून बोलेल तो बाद. पहिल्या दिवशी सगळे बाद झाले. काल बोळकी पहिली बाहेर आली, आणि बाहेर येऊन काय म्हणायचं तेच विसरली. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

आणि काल संध्याकाळी तुझा फोन. डॉक्टरांना दाखवलंस का, असं मी विचारलं. "हो आई, दाखवते. हो आई, दाखवते." दोनदा, ठकू, अगदी सुरात. गाठ मी निघायच्या आधीपासूनच होती का, हे माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही; त्यालाही तू गोड उत्तर दिलं असतंस. फोनवर 'हो' म्हणता येतं, पत्राला येत नाही, म्हणून हे पत्र. वाचून मला फोन करू नकोस, उत्तर लिहू नकोस, हसूही नकोस. चपला घाल आणि दवाखान्यात जा. तिथून बाहेर आलीस की मग बोल. काय म्हणायचं ते विसरलीस तरी चालेल, नुसती हाक मार.

तुझीच, काठावर उभी असलेली,
आई