फ्रीझर नंबर दोनची वही

३ मार्च, सोमवार. सकाळी सहा.
आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: फ्रीझर नंबर दोनचा भोंगा (मोटरसायकलच्या हॉर्नपासून, वीज गेली की अख्खी टेकडी दचकते). कोरड्या बर्फाची पेटी, आतून सव्वादोन इंच थर्माकोल. औषधाच्या कुप्यांची जाळी, छत्तीस भोकं, एकही कुपी हलत नाही. स्वतःचा पलंग. कुणी शिकवलं नाही. आमच्या प्रमुख डॉक्टर नामातोवू बाई परदेशात सात वर्षं शिकल्या, पण भोंगा त्यांना जमला नसता.
अठरा दिवसांनी सरकारी तपासनीस येणार. त्या तपासनीस बाईंनी होकार दिला तरच कंपालात, आमच्या प्रयोगशाळेत बनलेलं जनुकीय औषध चार मुलांना मिळेल. चारांतली एक माझ्या शेजारच्या खोलीतली मिरेंबे. वय एक वर्ष नऊ महिने, अजून मान धरत नाही. औषध दोन वर्षांच्या आत द्यावं लागतं. बाहेरून आणायचं तर अख्खी वस्ती विकून पुरायचं नाही.
निश्चय: कमी बोलायचं.

५ मार्च, बुधवार.
फ्रीझरची तापमानाची वही पाहिली. नोंदयंत्र बंद पडल्यापासून आम्ही पाच जण हातानेच लिहितो; दुसरा पुरावा नाही. लाज वाटली. तीन रंगांची पेनं. चहाचे डाग. रखवालदार ओपियोने खाडाखोड करून शेजारी 'माफ करा' लिहिलंय. एका पानावर कुण्या बाईचा फोन नंबर. हे दाखवायचं तपासनिसांना?

७ मार्च, शुक्रवार.
निर्णय: सगळी वही नव्याने लिहायची. बाईंना सांगायचं नाही. उगाच आभार मानत बसतील.

१५ मार्च, शनिवार.
चौदा महिन्यांच्या नोंदी पूर्ण. निळी शाई, एकच पेन. एकही आकडा बदलला नाही. जानेवारीत वीज गेली तेव्हाचे उणे एकाहत्तरसुद्धा (एरवी उणे ऐंशी) तसेच ठेवले. पाच जणांच्या सह्या हुबेहूब उतरवल्या. ओपियोची त्याच्यापेक्षा बरी आली. जुनी पानं घरी आणून शेगडीत घातली. त्यांच्यावर हिरव्या केळ्यांचे मटोके छान शिजले. एकट्याला जरा जास्तच झाले.
बायको मसाकाला गेली त्याला आज चार वर्षं. आपण होऊन फोन करायचा नाही, हा निश्चय कायम. तिचाही असावा.

१६ मार्च, रविवार.
मिरेंबेची आई नान्सुबुगा शेंगदाण्याची आमटी घेऊन आली. म्हणाली, एरियासीदादा, खरं सांगा, होईल ना हो? म्हटलं, माझी वही बघून त्यांना बोलायला सुचणार नाही. म्हणाली, तुम्ही आणि तुमची वही! लग्नच लावून टाका तिच्याशी. आठवड्यात माझ्याशी झालेलं सर्वांत मोठं बोलणं.
डबा धुतला. दोनदा.

२१ मार्च, शुक्रवार.
तपासनीस लाकेर बाई आल्या. मी टाय लावला होता. वही चाळली, थांबल्या, मागे गेल्या. विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, सगळं मीच. म्हणाल्या, सह्यासुद्धा? म्हटलं, सह्यासुद्धा. खोली एकदम शांत झाली. कौतुकाने असावी. ओपियो मध्येच म्हणाला, मॅडम, ही माझी सही नाही, मला इतकी चांगली येतच नाही. मग लाकेर बाईंनी मूळ वही मागितली. जाळली म्हणून सांगितलं. नामातोवू बाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या.

२२ मार्च, शनिवार.
नियम असा आहे म्हणे: चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला सही करायची. पुन्हा लिहायचं नाही. डाग चालतात. औषध चौदा महिने थंड राहिलं याला आता माझ्या शब्दापलीकडे काही नाही. माझा शब्द त्यांना पुरत नाही. छत्तीस कुप्या बाद. नव्या बनवायला आठ महिने. मिरेंबे तेव्हा अडीच वर्षांची होईल.
नामातोवू बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, एरियासी, घरी जा.
माझं मत: लाकेर बाईंचं स्वतःचं अक्षर वाईट आहे.

२६ मार्च, बुधवार.
ओपियो निरोप घेऊन आला. मूळ वहीची दहा-बारा पानं जरी मिळाली, तरी लाकेर बाई नकलेशी ताडून बघतील, फेरविचार करतील. राख चाळली. नखाएवढा तुकडा निघाला, कोरा.

३० मार्च, रविवार.
आमटी नाही. मीच दार वाजवलं. भोंगा, पेटी, जाळी, सगळं समजावून सांगायचं ठरवून गेलो होतो. नान्सुबुगाच्या खांद्यावर मिरेंबे होती, मानेखाली आईचा हात. नान्सुबुगा एवढंच म्हणाली, दादा, मला त्या डागांचं काय करायचं होतं हो?
परत आलो. काही खाल्लं नाही.

३१ मार्च, सोमवार.
नाक्यावरच्या वास्सवाकडे चपाती घेतली. गुंडाळलेला कागद उलगडून पाहिला: कुठल्याशा शाळेचा गणिताचा पेपर, तीन वर्षांपूर्वीचा. विचारलं, इतके जुने कागद ठेवतोस? म्हणाला, काका, गठ्ठाच एवढा मोठा, संपता संपत नाही. मग गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने, त्या शनिवारी तुमच्या काखेतला जुन्या पानांचा गठ्ठा मी मागितला, तर केवढे खेकसलात! प्रयोगशाळेचा कागद काय चपातीला लावायचा, म्हणे!
खरं आहे. अख्ख्या गठ्ठ्याचे रोख दोन हजार शिलिंग देत होता. मी नाही म्हटलं.