हवेचं झाकण अन् शिवनेकाठचा कावळा

अण्णा,

आधी 'प्रिय' लिहिलं अन् खोडलं. तुम्ही होता तेव्हा कधी म्हटलं नाय, आता कशाला नाटक?

काल तात्यांचा फोन आला. "बापाचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. लासूरला ये, अन् त्याचं मार्केटातलं मापाड्याचं लायसन नावावर करून घे. शब्द दिलाय तू." मी दिलाय? कधी? तुमचा थोरला भाऊ माझं ऐकत नाय, आई नुसती रडते. भांडण तुमच्याशी आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो.

तुम्ही गेलात तेव्हा इथं अंदमानात समुद्र खवळलेला, बेटावरनं बोट सुटंना. तुमचा दहावा मी मोबाइलवर पाहिला. शिवनेच्या काठी पिंड मांडलेला, लिंबावर कावळा बसलेला, अन् तुम्ही शिवायला तयार नाय! तात्या हात जोडून ओरडत होते, "तुझ्या पोरीचं लग्न थाटात करू!" कावळा ढिम्म. "अरं, त्याची बिडी ठेवा!" बिडी ठेवली. तरी ढिम्म. मागून कुणी तरी बोललं, "मेल्यावरबी ताठा गेला नाय गड्याचा." मग तात्यांनी मोबाइलकडं बघितलं अन् हाळी दिली, "तुझं पोरगं परत येईल, तुझा काटा धरंल!"

अन् तुम्ही झडप घातलीत!

मी इकडं घसा फोडून "नाय, तात्या, नाय" म्हणत होतो. पण रेंज अशी, की तिकडचं मला दिसत-ऐकू येत होतं, माझं तिकडं काहीच पोचत नव्हतं. तिकडच्या पडद्यावर माझं तोंड थिजलेलं. तात्या म्हणाले, "गप हाय, म्हंजी कबूल हाय." अण्णा, ही कुठली रीत? शेतकऱ्याला न विचारता त्याच्या मालाचा सौदा केला तर तुम्ही अडत्याची गचांडी धरायचा. माझा सौदा झाला तेव्हा पिंड खाऊन उडून गेलात?

सातवीतनं मला तुम्हीच काढलं अन् काट्यापाशी उभं केलं. एका उन्हाळ्यात मार्केटात वावटळ उठली होती, आठवतं? सांडलेला कापूस गरगरत वर गेला. मी विचारलं, "अण्णा, हे कुठवर जाईल?" तुम्ही कानाखाली काढलीत. "खाली बघ. काटा हलतोय." सगळे हमाल हसले. एकदा तरी 'मला नाय माहीत रे' म्हणायचं होतं. तेवढ्यानं माझं भागलं असतं.

मग मी फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांची ताटं उचलली, वाळूजला कंपनीत राबलो, कुठंच टिकलो नाय. तुम्ही गावभर सांगायचा, "पोरगं नाय, वावटळ हाय." ती वावटळ अंदमानच्या जंगलात येऊन थांबलीय. काय करतो, ते तुम्ही कधी विचारलं नाय. आता ऐका.

पहाटे इथं झाडांवर धुकं घोंगडीसारखं पडलेलं असतं. आम्ही गॅसचा फुगा भरतो, खाली डबीएवढं यंत्र बांधतो अन् सोडतो. वर जाता जाता ते हवा किती गरम, किती ओली, ते कळवत राहतं. ऊन चढलं की झाडांची वाफ अन् ऊब घेऊन खालची हवा फुगत वर सरकते. पण एका उंचीवर तिला झाकण लागतं. तिथं कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ओलीची रेघ एकदम मोडते. आज झाकण किती वर, हेच मोजायचं. आलो तेव्हा मी आमच्या शास्त्रज्ञ सरांना विचारलं होतं, "ही खालची हवा कुठवर, सर?" ते हसून म्हणाले, "जिथवर जमिनीचा वशिला चालतो, तिथवर."

माझा हात आपसूक गालावर गेला. तोच प्रश्न, अण्णा! इथं त्याचाच पगार मिळतो.

सर म्हणतात, ओल्या जंगलावर हे झाकण खालीच राहतं. आपल्याकडच्या तापलेल्या रानावर उन्हाळ्यात ते पार उंच जातं. मला नवल वाटलं नाय. तुमच्या राज्यात जमिनीचा हात लांबच पोचणार!

आई म्हणते, "शब्द मोडलास तर ते मधीच अडकतील रे." तिच्या या भीतीनं माझी झोप उडालीय. तुमच्यामुळं नाय, तिच्यामुळं. एका बिडीवर न भागणारा माणूस तुम्ही! तिला असं भ्यायला लावताना काही वाटत नाय?

म्हणून आता माझ्या तोंडानं वचन देतो, मधी तात्या नको अन् मोबाइल नको. वर्षश्राद्धाला मी येईन. पान मी स्वतः ठेवीन, बिडी ठेवीन, अन् सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं सांगीन, "मी काटा धरणार नाय. मी परत जंगलात जाणार." शिवायचं तर तेवढं ऐकून शिवा. नाय तर बसा फांदीवर. मीही खाली बसंन, उपाशी. दिवस मावळला तरी उठणार नाय. आधी कोण हलतं ते आईला बघू द्या.

ताठा तुमच्याकडनंच आलाय.

तुमचीच वावटळ,
दत्ता