काचेच्या कुठल्या बाजूने

३ नोव्हें. ९८, मंगळ.
मीना बाजारातल्या टेलरच्या काचेवर नाव चिकटवायला निघालो, पोचलो भलतीकडे. खाडीवरच्या अब्र्यातून, त्या लाकडी होडीतून उतरलो, बोळात एका जुन्या घराचं दार उघडं. आत गार असेल म्हणून शिरलो. कसलंसं प्रदर्शन, भिंतीभर पोस्टरं!

एक कॉफीचं. कप नाही, बी नाही, हसणारी बाई नाही. माणसाएवढं एकच अरबी अक्षर. खाली वाटीसारखं पोट, वर लाल ठिपका. पोटात कॉफी भरलेली. बाकी कागद कोरा. आमचा मुदीर, बोर्डांच्या दुकानाचा मॅनेजर, तेवढ्या जागेत फोन, फॅक्स आणि स्वतःचा मेहुणा कोंबेल.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. टेलरकडे पळत गेलो, पटापट चिकटवलं.

४ नोव्हें.
झाला घोळ. काचेला आतून लावायचं म्हणून मशीनने अक्षरं उलटी कापलेली. मी लावली बाहेरून. रस्त्यावरून सगळं आरशातलं. टेलर पेटलेला, "अंदर बैठके पढूँ क्या अपना नाम? मुझे मालूम है मेरा नाम!"
मुदीर : और एक बार, खलास.
संध्याकाळी अबुधाबीहून दाजींचा फोन. यांना कळतं कसं? "तीन वर्षांत चौथी नोकरी तुझी. इथं तेल कंपनीच्या गोदामात जागा आहे, पक्की. पुढच्या शुक्रवारी न्यायला येतो. ताईच्या जिवाला घोर लावू नकोस."
हो म्हटलं. ती पोस्टरं डोळ्यांसमोर.

५ नोव्हें.
दुकानात हाताने अरबी बोर्ड लिहिणारे सुदानी उस्ताद. काँप्युटर आल्यापासून त्यांना काम कमी. विचारलं त्यांनी, "उलटा था, दिखा नहीं?"
"उस्ताद, उलटा भी अच्छा लग रहा था."
इतके हसले की चहा सांडला. मग बोरू दिला. बोरू टेकवला की जो तिरका चौकोनी ठिपका उमटतो, तेच माप. उभी रेघ इतके ठिपके, पोट इतके. आँ! म्हणजे अक्षर मोजून बांधतात, भिंतीसारखं!

८ नोव्हें.
बोरूने क काढतोय. कोपर दुखलं. क चं पोट किती ठिपक्यांचं? आपल्याकडे कुणी मोजलं असेल का?
रूमवरचा सावंत : "पत्र लिहितोयस का रांगोळी घालतोयस?"
आता सगळीकडे अक्षरंच. लबनची, म्हणजे ताकाची बाटली, सिमेंटची गोणी. बघताना दोन बस सोडल्या.

१२ नोव्हें., गुरु.
उस्तादांनी दोन कागद धरले. एकच अक्षर, एकावर सुलटं, एकावर उलटं. "तुझे पढ़ना नहीं आता. बोल, सीधा कौन?"
दोन्ही सारखेच दिसले. मग जाड-बारीक बघितलं. हाताचा तिरकेपणा एकातच बरोबर बसत होता, दुसऱ्यात बोरू असा धरताच येणार नाही.
"ये वाला."
कागद गुंडाळला. जाता जाता, "कल जुम्मे के बाद, दो बजे. जूसवाले का बोर्ड है. नुक्ते तू लगाएगा." म्हणजे अक्षरांवरचे ठिपके. मुदीर म्हणाला, लगाने दो, बिगड़ा तो खलास.
खऱ्या बोर्डावर! मी!

रूमवर आलो तर दाजींचा निरोप : उद्या दोनला खाली उभा राहा, बॅग भरून.

बॅग भरलीय. बोरू त्यात टाकला, काढला, परत टाकला. आत्ता खिशात आहे.