तपासायला ठेवलेले अकरा दिवस

हडपसर,
बुधवार, ९ जुलै २०२५

चि. अवनीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तुला 'चि.' म्हटलेलं आवडत नाही, ठाऊक आहे मला. प्रबंध मंजूर झाला की 'डॉक्टर अवनी' लिहीन, तोवर सहन कर.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मामीचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतोच, पण सध्या तिला तक्रारीला माझ्यासारखा मोठा विषय मिळालाय. रिटायर होऊन सव्वा महिना झाला. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघराचं नियोजन करायला गेलो. कणीक आधी मळून ठेवली तर भाजी होईपर्यंत वेळ वाचेल, एवढंच सुचवलं. तर म्हणाली, "तुमची मीटिंग हॉलमध्ये घ्या." तेव्हापासून मी हॉलमध्ये असतो.

तुझा प्रबंध दोनदा वाचला. तू फक्त यंत्रांची नावं तपासायला सांगितली होतीस, पण हातात घेतला आणि सोडवेना. तुझी आई अजून मला फोन करून विचारते, "अरे उत्तरेश्वर, ही पोरगी तुमच्या कंपनीत आठ महिने बसून करत होती तरी काय?" मी सांगतो, ताई, दर सोमवारी आमची नऊ जणांची टीम फळ्यासमोर उभी राहायची आणि ही कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसायची. कोण किती बोललं, कुणी अडचण सांगितली, कुणी गिळली, कुणी तारीख दिली आणि ती का हुकली, सगळं लिहून घ्यायची. त्यावर ताई म्हणते, "हे तर मी आपल्या घरात बसूनही सांगितलं असतं." तिच्या नादी लागू नकोस. मोठं काम केलंयस बाई तू. इतकी वर्षं प्रकल्प हाकले, पण माणसं एकत्र काम करताना नेमकं कुठं घसरतात ते मला तुझ्या पानांवर पहिल्यांदा दिसलं.

'तासाभराच्या मीटिंगमध्ये टीमप्रमुख सरासरी अडतीस मिनिटं बोलतो.' नाव छापलं नाहीस, उपकार झाले. मामीनं ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बावीस मिनिटं गप्प बसता तिकडे? नशीबवान आहेत लोक."

बारीकसारीक चुका पेन्सिलीनं मार्क केल्यात. चौऱ्याऐंशीव्या पानावर कंडेन्सरचं स्पेलिंग बघ. एकशे बाराव्या पानावरच्या तक्त्यात बेरीज एकनं चुकलीय. चौथ्या प्रकरणाचं शेवटी लिहितो.

मामीनं धपाटे केलेत, सोबत शेंगदाण्याची चटणी. स्वारगेटला बस बदलून ती स्वतः हे सगळं तुझ्या होस्टेलवर घेऊन येईल. मी येत नाहीये. का, ते पुढे कळेल. आत्ताच येऊन तिनं खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "चौथ्याचं लिहिलं का? की स्पेलिंगंच काढत बसलात?" आता लिहितो.

फोनवर बोललो असतो तर तू मध्येच "असू दे रे मामा" म्हणाली असतीस आणि मी लगेच असू दिलं असतं. शिवाय कामातला बदल तोंडी चालत नाही, लेखी द्या, हे मीच सगळ्यांच्या डोक्यावर बसून सांगत आलो.

चौथ्या प्रकरणात आपलं डेअरीचं काम आहे, दूध थंड करायचं युनिट. ते तीन आठवडे उशिरा गेलं. तुझ्या मते त्याची सुरुवात युनिटखालच्या बेस फ्रेमच्या ड्रॉइंगपासून झाली. 'कनिष्ठ डिझायनरकडून ड्रॉइंग अकरा दिवस उशिरा मिळालं.' तू नाव लिहिलं नाहीस, पण आमच्या टीममध्ये कनिष्ठ डिझायनर एकच, प्रियदर्शनी. कंपनीतला चहावालाही ओळखेल. सोमवारी तू प्रबंध देणार आणि त्याची प्रत कंपनीत जाणार. तिला कायम करायचं की नाही, ती फाइल पृथ्वीराज साहेबांनी तुझ्या प्रबंधासाठी थांबवून ठेवलीय. तुला हे माहीत नसेल.

ड्रॉइंग उशिरा आलं नव्हतं, अवनी. तिनं बारा नोव्हेंबरला दिलं होतं, ठरल्या दिवशी. ते अकरा दिवस माझ्याकडे पडून होतं.

आमचा फळा तुझ्या डोळ्यांसमोर आहेच. ज्याचं काम, त्याच्या नावाखाली पिवळं कार्ड. मी तपासून सही करेपर्यंत ड्रॉइंग 'झालं' धरायचं नाही, हा नियम माझाच. पण तपासायला लागणाऱ्या दिवसांचा रकाना फळ्यावर कधी केलाच नाही. माझ्याकडे काम अडकेल, असं मला वाटलंच नव्हतं. म्हणून कार्ड अकरा दिवस तिच्या नावाखाली राहिलं, आणि बघणाऱ्याला ती उशीर करतेय असं दिसलं. तुलाही तेच दिसलं.

का अडकलं, ते सांगायची लाज वाटते. दिवाळीनंतर कागदी ड्रॉइंग बंद झाली, सगळं नव्या सॉफ्टवेअरवर. दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. मी हजेरीवर सही केली आणि साइटवर काम आहे सांगून निघून गेलो. आयुष्यभर ड्रॉइंग वाचलेला माणूस मी, चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरांमध्ये बसून बटणं शिकू? मग तिची फाइल आली. उघडली तर अख्खी फ्रेम पाय वर करून उलटी पडलेली. सरळ कशी करायची कळेना. घाबरून बंद केली. पुन्हा उघडली नाही.

संपत फोरमन रोज यायचा. "सायेब, फ्रेमचं काय झालं? पोरं हातावर हात ठेवून बसल्याती." मी म्हणायचो, येतंय, येतंय. सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "सर, ते तुमच्याकडे आहे." मी म्हटलं, "हो, बघतोय, थोडे प्रश्न आहेत त्यात." प्रश्न कसले डोंबलाचे! पण सगळ्यांना वाटलं, पोरीनं काहीतरी चुकवलंय. त्या वेळी तू कोपऱ्यात लिहीत होतीस.

तेवीस तारखेला सकाळी माझ्या टेबलावर त्या ड्रॉइंगची मोठी प्रिंट ठेवलेली होती, शेजारी लाल पेन्सिल. चिठ्ठी नाही, शब्द नाही. पोरीला कळलं होतं. मी दोन ठिकाणी लाल खुणा केल्या, कारण खुणाच नसतील तर तपासल्यासारखं दिसत नाही. आणि सही ठोकली.

डिसेंबरात तू मुलाखतीत विचारलंस, "मामा, ड्रॉइंग कधी मिळालं?" मी चहाचा घोट घेऊन म्हटलं, तेवीसला. इतकं सहज म्हटलं की मलाच खरं वाटलं. मेमध्ये निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेतला. पृथ्वीराज साहेब म्हणाले, उत्तरेश्वररावांकडे काम कधी अडलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

तुझ्या प्रबंधात एक वाक्य आहे, 'अडचण ज्याला सर्वांत आधी कळते, तो बहुधा सर्वांत शेवटी बोलतो.' ते वाचलं आणि जेवण जाईना. मामीनं खोदून विचारलं, तेव्हा तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पोरगी कुणाची तरी लेक आहे हो."

काल जेवणाच्या सुट्टीत कंपनीत गेलो. प्रियदर्शनीसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "सर, अवनीताईंनी मलाही विचारलं होतं. मीही तेवीसच सांगितलं."

मी विचारलं, का गं?

"तुम्ही तेवीस सांगितलं असणार, हे मला माहीत होतं. मग माझं बारा कोणी ऐकलं असतं का? आणि तुमचे थोडेच महिने राहिले होते." दुसरं कारण तिनं माझ्यासाठी जोडलं. पहिलंच खरं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. मला वाटत होतं, मी फक्त एक तारीख चुकीची सांगितली. त्या पोरीला मी खोटं बोलायला लावलं गं, आणि तेही स्वतःविरुद्ध. तुला दोन साक्षी जुळल्या, म्हणून तू विश्वास ठेवलास. तुझी काही चूक नाही.

मग ती मला तिच्या टेबलापाशी घेऊन गेली. माझ्या हाताखाली माऊस दिला आणि ते चाक दाबून फ्रेम कशी फिरवायची ते दाखवलं. दोन मिनिटांचं काम! सरळ झाल्यावर नीट पाहिली. इतकं स्वच्छ ड्रॉइंग मी क्वचित पाहिलंय. माझ्या लाल खुणांचं विचारलं तर खाली बघून म्हणाली, "ते बदल मी केलेच नव्हते सर. केले असते तर मोटर बसली नसती."

आज सकाळी पृथ्वीराज साहेबांच्या हातात लेखी दिलंय. ते म्हणाले, "आता रिटायर झाल्यावर कशाला उकरताय?" मी म्हटलं, तिची फाइल तुमच्या टेबलावर आहे म्हणून. त्या कागदाची प्रत सोबत जोडतोय. प्रियदर्शनीनंही तुला खरी तारीख लिहून द्यायचं कबूल केलंय.

यामुळे तुझा सोमवार जातोय, हे कळतंय मला. प्रकरण नव्यानं लिहावं लागेल, तुझे मार्गदर्शक सर चिडतील, कदाचित सहा महिने पुढे जाईल. इतरांच्या तारखा सांभाळत आलेल्या मामानं सख्ख्या भाचीची तारीख घालवली. भरपूर रागाव. फक्त मामीवर काढू नकोस, तिनंच मला लिहायला बसवलंय. पण ते अकरा दिवसांचं वाक्य बदल, बाळा. आणि अभ्यासात सगळ्यांची नावं झाकतेस तसं माझं झाकू नकोस, माझी हरकत नाही.

प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते, कुणी काढलं, कुणी तपासलं, कोणत्या तारखेला. ती नीट भरायची राहून गेली होती. इथं भरतो.

काढलं : प्रियदर्शनी, १२ नोव्हेंबर.
तपासलं : उत्तरेश्वर, ८ जुलै. त्याआधी नाही.

तुझा,
मामा