बाबांचं चरित्र मीच वाचणार

१९ फेब्रुवारी २५६७
बाबांना देवळात ठेवलं आहे. दहन मे महिन्यात, शंभर दिवस झाल्यावर. त्या दिवशी चितेपुढे मृताचं चरित्र वाचायचं असतं. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी वाचणार. थोरला मुलगा मी. लमाय आत्याने नुईकडे पाहिलं. नुई माझी धाकटी बहीण. ती म्हणाली, वाचू दे दादाला.
एक छोटी अडचण आहे. मला वाचता येत नाही.
म्हणजे इंग्रजी येतं. पाचव्या वर्षी आईबरोबर अमेरिकेला गेलो, चाळिशीत गावी पेच्चबुरीला परत आलो. नुई बाबांकडेच राहिली. थाई फडाफडा बोलतो. अक्षरांचं तेवढं राहून गेलं. कुणाला पत्ता नाही. कागद पुढे आला की माझा चष्मा घरी राहिलेला असतो.
तीन महिने आहेत. भरपूर झाले.

२० फेब्रुवारी
थाई वाचायला शिकवणारं सॉफ्टवेअर फोनवर घेतलं. परदेशी लोकांसाठी आहे. हरकत नाही, शिकणारा कोण हे त्याला दिसत नाही. त्याने पहिल्यांदा विचारलं, कधीपर्यंत वाचता यायला हवं? २५ मे २५६७ असं भरलं. क्षणात वेळापत्रक तयार. आज पहिलं अक्षर. शेजारी कोंबडीचं चित्र. जमलं.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक तास.

२१ फेब्रुवारी, दुपार
पहाटे उठणं झालं नाही. तरी सॉफ्टवेअर म्हणालं, तुम्ही वेळापत्रकाच्या पुढे आहात, आज विश्रांती घ्या. घेतली.

२ मार्च
अजून पुढेच. दुसरं अक्षर उघडायला गेलो तर म्हणे घाई नको. असा समजूतदार मास्तर लहानपणी मिळायला हवा होता.
नुईने मजकूर लिहून काढला आहे. विचारत होती, आणून देऊ का, एकदा नजर टाकशील. म्हटलं, आयत्या वेळी दे. वाचण्यात ताजेपणा हवा.

१८ मार्च
मी काम करतो त्या रिसॉर्टवर एक जर्मन पाहुणा उतरला आहे. त्याच्याकडेही तेच सॉफ्टवेअर. त्याला रोज ढीगभर अक्षरं करावी लागतात. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत फिरतो. कीव आली. बिचारा फार मागे पडला असणार.

१६ एप्रिल
सोंक्रान, नव्या वर्षाचा पाणी उडवायचा सण. कुणीतरी पाठीमागून बादली ओतली. फोन खिशात होता. आता तांदळाच्या डब्यात आहे. काळजी नाही. आपण पुढे आहोत.

१८ एप्रिल
फोन सुरू झाला. मला एक अक्षर येतं. फेब्रुवारीतही एकच येत होतं. किंचित शंका आली.
हेल्पडेस्कला लिहिलं. पिम नावाच्या बाईने कळवलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं. कोंबडी.

१९ एप्रिल
पिमने माझं खातं उघडून पाहिलं. त्यांचं सॉफ्टवेअर इसवी सन धरतं. आपण बुद्धाचं साल लिहितो, त्याच्या लेखी हे वर्ष २०२४. म्हणजे मी दिलेल्या तारखेला अजून पाचशे त्रेचाळीस वर्षं आहेत. त्याने अक्षरं तेवढ्या काळात वाटून दिली आहेत. त्या हिशेबाने मी खरोखरच पुढे आहे. शेवटी तिने नम्रपणे विचारलं आहे, आपल्याला थोडी लवकर गरज आहे का.
चूक सरळसरळ कंपनीची. थाई शिकवता आणि आमचं साल माहीत नाही? सविस्तर तक्रार लिहिली. इंग्रजीत. त्यात दिवस गेला, पण मुद्दे चांगले निघाले.

२१ एप्रिल
तारीख दुरुस्त केली. सॉफ्टवेअरचं धाबं दणाणलं असावं. सगळी व्यंजनं एका दमात समोर टाकली. त्यात ‘स’ चार. एकावर भागलं नसतं?
संकल्प: उद्यापासून.

३० एप्रिल
मोठी प्रगती. आता सॉफ्टवेअर शब्द बोलून दाखवतं, आपण मागून म्हणायचं. माझे उच्चार शंभर टक्के बरोबर. त्याने मला थेट वरच्या वर्गात ढकललं. प्रमाणपत्रही आलं.
वरच्या वर्गात अक्षरं शिकवत नाहीत. ती येतात असं धरलेलं आहे.

७ मे
पिमला कळवलं, वाक्यात शब्दांमधली जागा दिसत नाही, सगळी अक्षरं एकमेकांना चिकटली आहेत, बिघाड दुरुस्त करा. तिचं उत्तर आलं, थाईमध्ये शब्दांत जागा सोडत नाहीत.
हे मला माहीत होतं. तिला माहीत आहे का ते पाहिलं.

१५ मे
नुई छापलेली पुस्तकं घेऊन आली. दहनाच्या दिवशी पाहुण्यांना वाटायची. पहिलं पान उघडलं. सॉफ्टवेअरमधल्या अक्षरांना गोल डोळे असतात, त्यावरून चार-सहा ओळखू येऊ लागली होती. इथे डोळेच नाहीत. छापखाना हल्लीच्या फॅशनचा निघाला. मी म्हटलं, छपाई वाईट आहे.
नुई म्हणाली, “दादा, मी वाचते. तू नुसता शेजारी उभा राहा.”
म्हटलं, “एवढा पण विश्वास नाही का माझ्यावर?”
ती गठ्ठे बांधू लागली.

२२ मे
मार्ग सापडला. फोनचा कॅमेरा पानावर धरला की सॉफ्टवेअर एकेक ओळ वाचतं. कानात इअरफोन ठेवायचा. ते बोलेल, मी मागून म्हणेन. घरी करून पाहिलं. सुरेख. हे वाचनच आहे, डोळे तेवढे दुसऱ्याचे.

२५ मे, संध्याकाळ
बाबा गेले. म्हणजे आज धूर झाला.
माइकपुढे उभा राहिलो. पहिली ओळ कानात आली, म्हटली. “आमचे वडील बुनचुए यांचा जन्म ताडगूळ करणाऱ्या घरात झाला.” आवाज खणखणीत लागला. त्यानंतर कानात जे आलं तेही म्हटलं. “व्हेरी गुड. पुढच्या ओळीसाठी बटण दाबा.” कर्णे कालव्यापलीकडेही लावलेले होते.
भिक्षूंनी पंखे तोंडासमोर धरले होते. कोण हसलं ते कळलं नाही.
बटण दाबलं. फोन पानावरून सरकला, कॅमेऱ्याला ओळ सापडेना. बाबांची शवपेटी समोर. पुस्तकाकडे पाहत राहिलो. त्यात माझ्या उपयोगाचं काहीच नव्हतं.
मग नुई आली. पुस्तक हातातून घेतलं नाही. माझ्या खांद्यामागे उभी राहून हळूच वाचू लागली, दोन-दोन शब्द. मी मोठ्याने म्हणत गेलो. शेवटपर्यंत म्हटलं.
लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं. एकूण पार पडलं म्हणायला हरकत नाही.
जेवताना लमाय आत्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, “सगळं वाचलंस. तेवढी एक ओळ बरी गाळलीस.”
कुठली, असं विचारलं.
“नोकरी सोडून बापाचं हगणंमुतणं कुणी काढलं, ती ओळ. नुई नको नको म्हणत होती. मी स्वतः छापखान्यात जाऊन घालायला लावली. तू दर रविवारी फळं घेऊन येत होतास, तेही घातलंय की त्यात. ते बरं वाचलंस. बहिणीचं नाव घेताना जीभ जड झाली होय रे?”
मी भात चिवडत राहिलो. मी गाळली नाही, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

२६ मे
सकाळी अस्थी गोळा केल्या. आत्या माझ्याशी बोलली नाही. नुईने विचारलं, काही खाल्लंस का.
आता पुस्तक उघडून बसलो आहे. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवलं. आलेल्या प्रत्येकाला ती ओळ सापडली असणार. पंख्याआडच्या भिक्षूंनाही.
नुई अंगणात पातेली घासते आहे. हाक मारली तर येईल. पुस्तक हातात घेईल आणि सांगेल, अशी ओळ यात कुठे नाहीच, दादा.